'पगार' की 'अनुदान': जिनिंगच्या फाटकापासून जिनिव्हापर्यंत

विदर्भातल्या खेड्यांत म्हातारपणी मिळणाऱ्या सरकारी पैशाला लोक 'पगार' म्हणतात. "निराधारचा पगार जमा झाला का?" तहसीलच्या कागदावर मात्र ते 'अनुदान' असते. पगार कामाचा असतो, अनुदान मेहेरबानीचे. हा फरक जुना आहे.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, राज्य कामगार विम्याचा १९४८ चा. या विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना पहिलेच नाव घेतले कापसाच्या जिनिंगचे. म्हणजे सूत कातणारा आत आणि त्याच कापसाची सरकी काढणाऱ्या रेच्यावरची, म्हणजे जिनिंगच्या यंत्रावरची बाई बाहेर. शेतात कापूस वेचणारीचा तर प्रश्नच आला नाही.

१९५२ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सामाजिक सुरक्षेचा १०२ क्रमांकाचा करार केला. आजारपण, बाळंतपण, बेकारी, म्हातारपण अशा नऊ शाखा. देशाने सुरुवातीला तीन स्वीकारल्या तरी चालते. पण म्हातारपणाची शाखा घ्यायची तर तीस वर्षांच्या वर्गणीवर किंवा नोकरीवर मजुरीच्या निदान ४० टक्के निवृत्तिवेतन हवे, आणि त्याखाली किती लोक आले पाहिजेत तेही ठरलेले, उदाहरणार्थ एकूण नोकरदारांपैकी निम्मे. १९१९ पासून संघटनेत असलेल्या भारताने हा करार मंजूर केलेला नाही. जिथे बहुसंख्य मजुरांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते, तिथे अडचण उघड आहे.

त्याऐवजी आपण अनुदानाची वाट धरली. १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना, १९९५ मध्ये केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, पुढे राज्याची वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला दिला तर. तीस वर्षे निंदण-वेचणी केली की दहा, हे कोणी विचारत नाही.

कायदा शेताच्या बांधापर्यंत पोचलाच नाही, असेही नाही. शेतात कीटकनाशक फवारणारा मजूर १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत होता. तरी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा सरकारने जाहीर केली ती मदत. भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो, आणि इथला मालक म्हणजे बहुधा स्वतःच कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१२ च्या २०२ क्रमांकाच्या शिफारशीने सर्वांना किमान संरक्षण द्या असे म्हटले. शिफारस बंधनकारक नसते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या कामगार विम्याच्या तरतुदीतूनही हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि व्याख्येत जिनिंग अजून तिथेच आहे.