हार्प महोत्सव

हार्प या उभ्या तारांच्या वाद्याचे वादन ऐकवणे आणि ते नवशिक्यांना शिकवणे अशा दुहेरी हेतूने भरणारा संगीतमेळावा. वाद्य महाग व अवजड आणि शिक्षक विरळ असल्यामुळे, भाड्याने हार्प घेऊन काही दिवस सलग शिकता येणे हेच अनेकांना अशा महोत्सवाचे मोठे आकर्षण वाटते.

या प्रथेचा सर्वांत प्रसिद्ध पूर्वज म्हणजे जुलै १७९२ मध्ये बेलफास्ट येथे भरलेला हार्पवादकांचा मेळावा. त्यात दहा आयरिश वादक आले. त्यांपैकी बरेच वृद्ध आणि अंध होते. नव्वदी ओलांडलेले डेनिस हेम्पसन पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडत, आणि ही जुनी पद्धत पाळणारे त्या मेळाव्यात तेच उरले होते. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाने तेथील चाली स्वरलिपीत टिपून घेतल्या. मौखिक परंपरेतील बारकावे पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवताना हरवले, हे खरे. पण नोंदच झाली नसती तर त्यांतील अनेक चाली आज उरल्या नसत्या. पुढे १८०८ मध्ये बेलफास्टमध्येच अंध मुलांना हार्प शिकवण्यासाठी संस्था निघाली. आजच्या महोत्सवांतील शिकवण्याची बाजू या संस्थेच्या अधिक जवळची आहे.

एडिंबरोचा आंतरराष्ट्रीय हार्प महोत्सव १९८२ पासून भरतो, तर जागतिक हार्प परिषदेचे पहिले अधिवेशन १९८३ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथे झाले. आयरिश हार्पवादनाचा समावेश २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

नवशिक्याला सहसा लहान, खटक्यांची हार्प देतात. वाद्य उजव्या खांद्यावर टेकवून दोन्ही हातांनी वाजवतात आणि करंगळी वापरत नाहीत. षड्ज कोणत्याही स्वरावर धरता येत असल्याने त्याची जागा तारांच्या रंगावरून ओळखता येत नाही. पाश्चात्त्य ‘सी’ स्वराच्या तारा लाल आणि ‘एफ’च्या काळ्या वा निळ्या असतात, एवढ्या खुणेवर बोटे जागा शोधतात. खटका वर केला की तार अर्धस्वराने चढते, म्हणजे कोमल गंधार शुद्ध होतो. मोठ्या मैफिलीच्या हार्पला ४७ तारा असतात आणि हेच काम सात पायपट्ट्या करतात. त्यांची आजची दुहेरी (तार दोन टप्प्यांत चढवणारी) रचना सेबास्तियन एरार यांनी १८१० मध्ये सिद्ध केली. खुल्या तारांवर मींड जवळपास अशक्य असल्याने रागसंगीतासाठी हे वाद्य अपुरे पडते.

सोलापूरच्या संगीतप्रेमींना हार्पचे सर्वांत जवळचे नातलग वाटेल ते गायक गाताना छेडतात ते स्वरमंडळ. मात्र त्याच्या तारा ध्वनिपटाला (नाद घुमवणाऱ्या फळीला) समांतर असतात, तर हार्पच्या तारा ध्वनिपटातून वर उभ्या निघतात, म्हणून दोहोंचे वर्ग वेगळे. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे मिरजेच्या तंबोरा-सतारीसाठी जातात. स्वरमंडळाला भोपळा लागत नाही. खऱ्या अर्थाने हार्पकुळातील धनुष्याकृती वीणा समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर दिसते, आणि मध्य प्रदेशातील परधान गोंडांचे बीनबाजा हे त्याच कुळातील वाद्य. पंढरपुरात नामसप्ताहात विणेकरी जी वीणा खाली न ठेवता एकमेकांकडे सोपवतात, ती मात्र सूर धरण्यासाठी असते. परंतु कानाने चाल उचलण्याची जी पद्धत दिंडीत वा भजनी मंडळात नव्या टाळकऱ्याला मिळते, तीच स्कॉटलंड-आयर्लंडच्या वर्गांत अनेकदा आढळते: शिक्षक एक ओळ वाजवतो, शिष्य ती परत वाजवतात, आणि कागद वर्ग संपल्यावरच हाती येतो.