कळफलकाद्वारे संगणक चालवणे

माऊस किंवा टचपॅडला हात न लावता केवळ कळफलकाच्या साहाय्याने संगणकावरची कामे करण्याची पद्धत. कंट्रोल व सी, कंट्रोल व व्ही यांसारख्या जोडकळा, म्हणजेच कीबोर्ड शॉर्टकट, हा या पद्धतीचा सर्वपरिचित भाग असला, तरी ती उभी आहे ‘फोकस’वर. पडद्यावरच्या ज्या बटणाकडे, चौकटीकडे किंवा लिंककडे दाबलेली कळ त्या क्षणी जाणार असते, तिथे फोकस आहे असे म्हणतात. फोकस कुठे आहे हे पाहिले नाही, तर शेकडो जोडकळा पाठ असूनही दाबलेली कळ भलतीकडेच लागू होते.

टॅब कळीने फोकस पुढच्या घटकावर जातो आणि शिफ्ट धरून टॅब दाबल्यास मागे येतो. बटण एंटरने किंवा स्पेसबारने दाबले जाते, चौकोनातली खूण मात्र स्पेसबारने करावी लागते. अनेकांतून एकच निवडायचा असलेल्या गोल पर्यायांपाशी नवशिका हमखास अडतो. तो संपूर्ण गट टॅबच्या दृष्टीने एकच थांबा असतो आणि त्यातले पर्याय बाणांच्या कळांनी बदलतात, त्यामुळे पुन्हा टॅब दाबणाऱ्याला दुसरा पर्याय गाळला गेल्यासारखा वाटतो. विंडोजमध्ये आल्ट-टॅबने उघड्या खिडक्यांत फिरता येते, शिफ्ट-एफ १० ने उजव्या क्लिकचा मेनू उघडतो, तर एफ २ ने निवडलेल्या फाइलचे नाव बदलता येते. मॅकवर यांतली बरीच कामे कमांड कळीकडे असतात.

काही प्रसंगी तर माऊस जवळ असूनही कळफलकच कामी येतो. जोडलेला दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी खिडकी पडद्याबाहेर राहून जाते आणि माऊसच्या बाणाला ती सापडत नाही. अशा वेळी आल्ट-टॅबने ती निवडून आल्ट-स्पेसबार दाबावा, इंग्रजी मेनूत एम दाबून हलवण्याची आज्ञा द्यावी, बाणाची कळ दाबत ती खिडकी पडद्यावर आणावी आणि एंटर दाबून तिथेच ठेवावी.

कळफलक माऊसच्या आधीचा आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ रोजी केले. कट, कॉपी आणि पेस्ट या आज्ञांना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात रूप दिले, आणि अ‍ॅपलच्या लिसा या १९८३ मधील संगणकावर त्यांना एक्स, सी आणि व्ही ही अक्षरे मिळाली. ही अक्षरे खालच्या ओळीत शेजारी-शेजारी असल्याने उजवा हात माऊसवर ठेवून डाव्या हाताने त्या आज्ञा देता येतात. पुढच्याच वर्षीच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळा नव्हत्या, त्यामुळे कर्सर हलवायला माऊसच घ्यावा लागे. आयबीएमने १९८७ मध्ये आखलेल्या नियमावलीतील शिफ्ट-इन्सर्ट ही पेस्टची जोडकळ आजही अनेक प्रोग्रॅममध्ये चालते.

स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी मांडलेल्या प्रतिमानात सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद, माऊसने लक्ष्य गाठायला १.१ सेकंद आणि हात कळफलकावरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद धरले आहेत. मात्र त्याच प्रतिमानात मनाशी विचार करायला १.३५ सेकंद लागतात. जोडकळ आठवावी लागली, तर वाचलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. हाताला सवय झालेल्या पाच-दहा जोडकळाच खऱ्या उपयोगाच्या.

वेगापेक्षा मोठा प्रश्न संगणक वापरता येतो की नाही, हा आहे. अंध व्यक्तीला माऊसचा बाण दिसत नाही. ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ऐकत कळफलकावर काम करते; एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्ये वेबपान वाचताना एच दाबून शीर्षकांवरून आणि के दाबून लिंकवरून पुढे जाता येते. हात थरथरणाऱ्यांना माऊसने नेम साधत नाही, आणि एका हाताने काम करणाऱ्यांना दोन कळा एकत्र दाबणे अवघड जाते. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ची सोय असून शिफ्ट पाच वेळा दाबल्यास ती सुरू करण्याविषयी विचारणा होते, मग जोडकळेतील कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात.

वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ मधील सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार पानावरचे प्रत्येक कार्य कळफलकाने करता आले पाहिजे, फोकस दिसला पाहिजे आणि एखाद्या घटकात शिरलेला फोकस तिथेच अडकून पडता कामा नये. तरीही केवळ देखणेपणासाठी फोकसभोवतीची चौकट पुसून टाकणारी संकेतस्थळे आढळतात. हा दोष क्षुल्लक मानणे चुकीचे आहे, कारण पाहू शकणाऱ्या पण माऊस न चालवणाऱ्या माणसाला त्यानंतर आपण कुठे आहोत हेच कळत नाही. कळफलकाच्या सक्तीतून ही तत्त्वे मुक्तहस्त रेखाटनासारखी कामे वगळतात, कारण तिथे हात कोणत्या वाटेने फिरतो यावरच चित्र ठरते. चित्र जतन करणे किंवा रंग निवडणे मात्र त्या सवलतीत बसत नाही.