चिनी मातीची कुंडी

घरात ठेवायच्या झाडांसाठी वापरली जाणारी, झिलई केलेली भाजक्या मातीची कुंडी. नर्सरीत आणि दुकानांत हिला सर्रास ‘सिरॅमिक पॉट’ म्हणतात. मराठीत लोणच्याच्या बरणीमुळे ‘चिनी माती’ हा शब्द घरोघरी रुळला आणि तोच या कुंडीला चिकटला. मात्र या नावाने विकली जाणारी प्रत्येक कुंडी निव्वळ केओलिनची, म्हणजे खऱ्या चिनी मातीची, असतेच असे नाही. पुष्कळ कुंड्या साध्या किंवा दगडी मातीच्या (स्टोनवेअर) असून त्यांवर झिलई चढवलेली असते.

बिनझिलईची लाल मातीची कुंडी साधारण ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसला भाजतात. तिचे अंग सच्छिद्र राहते, त्यामुळे माठाप्रमाणे तिच्या भिंतींतूनही पाणी झिरपून उडून जाते. दगडी मातीची भांडी १,२०० ते १,३०० अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा त्यांचे अंग घट्ट होते. झिलई म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसलेला काचेचा थर. हा थर पाणी आणि हवा दोन्ही अडवतो. म्हणून अशा कुंडीतले पाणी बाहेर पडायला तीनच वाटा उरतात : मातीचा उघडा पृष्ठभाग, झाडाची पाने आणि तळाचे भोक.

मुंबईत या गोष्टीला फार महत्त्व आहे. कोरड्या हवेच्या गावात उन्हाळ्यात झिलईची कुंडी ओल धरून ठेवते, हा तिचा गुणच ठरतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे बंद खिडकीआडच्या कुंडीची काय कथा! मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने पिवळी पडून माना टाकतात. ते पाहून झाड तहानले असे वाटते आणि आणखी पाणी घातले जाते. घरातली पुष्कळ झाडे दुर्लक्षाने मरत नाहीत, अशा मायेने मरतात. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहणे, यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

भोकाशिवायच्या कुंडीत तळाशी खडी घातली की निचरा होतो, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. ती चुकीची आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. आधी खडीवरची माती पुरती भिजते, मगच थेंब खाली पडतो. परिणामी ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोक नसेल तर ते पाडावे : काचेला वापरतात तसे हिऱ्याच्या कण्यांचे ड्रिल बिट, कमी वेग, वरून पाण्याची धार आणि ड्रिलचा ठोके देणारा ‘हॅमर मोड’ बंद. त्याहून सोपा मार्ग म्हणजे झाड प्लास्टिकच्या नर्सरीच्या कुंडीतच ठेवून ती या देखण्या कुंडीत उतरवणे. पाणी घालताना आतली कुंडी मोरीत न्यावी, पूर्ण निथळू द्यावी, मग परत ठेवावी. मुंबईच्या पावसाळ्यासाठी हीच पद्धत सर्वांत चांगली. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, अग्लोनेमा ही झाडे अशी छान राहतात. माती मात्र हलकी हवी. नुसत्या लाल मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू किंवा पर्लाईट (हलके पांढरे खनिज दाणे) मिसळावे.

खालची बशी आणि बाहेरच्या कुंडीचा तळ यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बशी रिकामी करून घासावी. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. महानगरपालिकाही दर पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्यांबद्दल सांगत असते.

मुंबईत कुंड्यांचे नाव निघाले की धारावीचा कुंभारवाडा आठवतो. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वसाहत मुख्यतः लाल मातीच्या कुंड्या, माठ आणि पणत्या घडवते. झिलईच्या कुंड्या बऱ्याचदा बाहेरून येतात. उत्तर प्रदेशातले खुर्जा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तरीही झिलईकाम मुंबईला परके नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात तिथले शिक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या पुढाकाराने रंगीत झिलईची भांडी होऊ लागली. त्यांतली काही भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. कुंडीप्रेमींनी ती मुद्दाम पाहावीत; शेजारीच राणीची बाग आहे.

या कुंडीचे वजन हा शेवटचा, पण जिवाशी गाठ असलेला मुद्दा. दहा लिटर मापाच्या कुंडीतली ओली मातीच १५ किलोंच्या आसपास भरते, कुंडीचे वजन वेगळे. ती खिडकीच्या कठड्यावर किंवा गंजलेल्या ग्रिलच्या पट्ट्यांवर ठेवू नये. जमिनीवर, भिंतीलगत, खाली बूच किंवा लाकडाचा तुकडा देऊन ठेवावी.