पदवीच्या वर्गातलं इंग्रजी : ग्रामीण विदर्भाची पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भातल्या कॉलेजात परकीय भाषा म्हणजे इंग्रजीच. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात पदवीचं शिक्षण मराठी-हिंदीतून देण्याचं धोरण आलं आणि शेतकऱ्याच्या पोराला बी.ए. आवाक्यात आलं. अडायचं ते एकाच पेपरला, आवश्यक इंग्रजीच्या. गाईडमधला सारांश पाठ, पत्राचा नमुना पाठ, की सुटला.

खरा वाद २००० सालचा. तोवर मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, ते पहिलीपासून झालं. मातृभाषा पक्की व्हायच्या आधी दुसरी भाषा लादू नका, असं एका बाजूचं म्हणणं. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलाला जे मिळतं ते जिल्हा परिषदेच्या मुलाला का नको, हा दुसऱ्या बाजूचा सवाल, आणि माझ्या मते तो रास्तच होता. पण शिकवणार कोण? दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसतात. गुरुजी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, डी.एड. मराठीतून केलेले. त्यांच्या हाती पुस्तक पडलं. इंग्रजी बोलण्याचा सराव मात्र त्यांना कुणी पुरेसा दिला नाही.

ती पहिली तुकडी २०१२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला आली. आधीच्या मुलांची इंग्रजीची आठ वर्षं व्हायची, यांची बारा झाली होती. शब्द जास्त येत होते, स्पेलिंगची धास्ती कमी होती. पण स्वतःचं वाक्य अडतच होतं. कित्येकांच्या पुस्तकात इंग्रजी ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला असे : 'द फार्मर वेन्ट टू द मार्केट'. वाचून दाखवायची वेळ आली की नजर त्या पेन्सिलीवर.

पुढे सेमी-इंग्रजीमुळे बी.एस्सी.च्या मुलांना संज्ञा तरी ओळखीच्या झाल्या. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि कानावर इंग्रजी पडू लागलं. आता व्हिडिओ बऱ्यापैकी समजतो, पण अर्ज लिहायचा तर हात थांबतो.

मेळघाटातली कोरकू किंवा भामरागडची माडिया बोलणारी मुलं या सगळ्या हिशेबात धरलीच गेली नाहीत. त्यांना मराठीच शाळेत शिकावी लागते. पहिलीतलं इंग्रजी म्हणजे त्यांच्यावर एकाच वर्षी दोन नव्या भाषा, आणि पदवीला पेपर मात्र सगळ्यांना सारखाच.