ग्लाइड चर्च : सॅन फ्रान्सिस्कोच्या समलिंगी चळवळीची एक पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन वस्तीत, टेलर आणि एलिस रस्त्यांच्या कोपऱ्यावर ग्लाइड मेमोरियल चर्च आहे. लिझी ग्लाइड या श्रीमंत आणि अत्यंत धर्मनिष्ठ, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या बाईंनी ते दिवंगत पतीच्या स्मरणार्थ बांधले आणि त्यासाठी कायमचा निधीही ठेवला. चर्च १९३१ साली उभे राहिले. पुढे या निधीनेच फार मोठे काम केले. रविवारी येणाऱ्या भाविकांच्या वर्गणीवर गाडा अवलंबून नव्हता, त्यामुळे तिथले पाद्री लोकांच्या नाराजीची पर्वा न करता काही करू शकत होते.

१९६०च्या सुमारास जुने भाविक कमी होत गेले होते. चर्चच्या भोवती होती स्वस्त हॉटेलांतल्या खोल्यांची गरीब वस्ती. घरातून हाकलून दिलेली मुले आणि दुसरीकडे कुठेच नोकरी किंवा भाड्याने खोली न मिळणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रिया तिथे राहत. तरुणांमध्ये काम करण्यासाठी १९६२ साली टेड मॅकिल्व्हेना हे पाद्री ग्लाइडमध्ये आले. रस्त्यावरची कितीतरी मुले समलिंगी असल्यामुळेच बेघर झाली आहेत आणि पोटासाठी शरीर विकत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले.

चळवळ चर्चने सुरू केली, असे मात्र मुळीच नाही. डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांनी इतर मैत्रिणींसह १९५५ मध्येच याच शहरात समलिंगी स्त्रियांची ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही संघटना उभी केली होती. मॅकिल्व्हेना अशा संघटनांकडे गेले. १९६४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर शहराजवळच्या मिल व्हॅलीत पाद्री आणि समलिंगी कार्यकर्ते काही दिवस एकत्र राहिले, मोकळेपणाने बोलले. त्यातून त्याच वर्षी ‘कौन्सिल ऑन रिलिजन अँड द होमोसेक्शुअल’ ही संस्था जन्माला आली. ‘होमोसेक्शुअल’ म्हणजे समलिंगी हा शब्द उच्चारायलाही लोक कचरत, त्या काळात पाद्र्यांनी तो संस्थेच्या नावातच घातला. मला हे धाडस आजही थोर वाटते.

संस्थेसाठी पैसे उभे करायला १ जानेवारी १९६५ च्या रात्री कॅलिफोर्निया हॉलमध्ये नृत्याचा कार्यक्रम ठरला. पाद्र्यांनी आधी पोलिसांची भेट घेतली आणि हस्तक्षेप होणार नाही असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात दारासमोर पोलिसांचे झगझगीत दिवे लागले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला जाऊ लागला. त्या काळी नाव किंवा चेहरा उघड होणे म्हणजे नोकरी जाणे, घरच्यांनी तोडणे. तरीही शेकडो लोक त्या उजेडातून चालत आत गेले. पोलीस पुन्हा पुन्हा आत शिरू लागले, तेव्हा हर्ब डोनाल्डसन, इव्हँडर स्मिथ आणि इलियट लेटन या वकिलांनी त्यांना अडवले. तिघांना आणि दारावर तिकिटे घेणाऱ्या नॅन्सी मे यांना अटक झाली.

असे छापे नेहमीचेच होते. या वेळी फरक एवढाच, की सगळे पाद्र्यांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या डोळ्यांदेखत घडले. दुसऱ्याच दिवशी पाद्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन पोलिसांवर उघड टीका केली. खटल्यात बचाव पक्षाला आपली बाजू मांडण्याचीही गरज पडली नाही. न्यायाधीशांनी ज्यूरीला निर्दोष ठरवण्याचा आदेश दिला. डोनाल्डसन पुढे त्याच शहरात न्यायाधीश झाले.

चर्चने या चळवळीला काय दिले, तर माझ्या मते साक्ष दिली. पोलीस आपल्याला छळतात, हे समलिंगी माणसे वर्षानुवर्षे सांगत होती, पण त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. पाद्र्यांच्या शब्दाला होती आणि ती त्यांनी योग्य जागी वापरली. एकाच्या शब्दाला किंमत आणि दुसऱ्याच्या नाही, हा अन्यायच होता, तरी त्याचा उपयोग झाला.

चर्चची दुसरी देणगी म्हणजे जागा. टेंडरलॉइनच्या रस्त्यांवरील समलिंगी आणि पारलिंगी तरुणांची ‘व्हॅनगार्ड’ ही संघटना ग्लाइडच्या आधाराने उभी राहिली. १९६६ च्या जुलैत त्यांनी जवळच्याच कॉम्प्टन्स कॅफेटेरियासमोर निदर्शने केली, कारण तिथे त्यांना हुसकावून लावले जाई. ऑगस्टमधल्या एका रात्री तिथे पोलिसाने हात टाकताच एका पारलिंगी स्त्रीने कॉफी त्याच्या तोंडावर फेकली आणि दंगल उसळली. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांच्या छाप्याविरुद्ध उसळलेल्या प्रसिद्ध दंगलीच्या तीन वर्षे आधीची ही घटना. वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली नाही. सुझन स्ट्रायकर या इतिहासकाराने ती कित्येक वर्षांनी उजेडात आणली.

१९६०च्या दशकातच सेसिल विल्यम्स या कृष्णवर्णीय पाद्र्यांनी ग्लाइडची धुरा घेतली. १९६७ मध्ये त्यांनी सभागृहातला क्रूस उतरवला. गरिबांसाठी मोफत जेवण सुरू झाले, दार सगळ्यांना उघडे राहिले. मात्र ज्या युनायटेड मेथडिस्ट पंथात ग्लाइड होते, त्याने १९७२ मध्ये समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे अधिकृतपणे लिहून ठेवले. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक ग्लाइड आपल्याच पंथाच्या नियमाविरुद्ध उभे होते. पैसा आणि कारभारावरून वाद होऊन २०२० मध्ये ते पंथातून बाहेर पडले. विल्यम्स २२ एप्रिल २०२४ रोजी वारले. दुसऱ्याच दिवशी शार्लट शहरात पंथाची महासभा सुरू झाली आणि मे महिन्यात तिने १९७२चे ते वाक्य रद्द केले.