‘आता तू वाच’च्या आधी: जोडीने वाचण्याची पार्श्वभूमी

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद छापली. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार तो झटपट आणि बिनचूक करायचा, पण स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल व्हायची. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. त्या शिक्षकांनी नेमके हेरले होते. वैद्यकाने मात्र या अडचणीला, म्हणजे आजच्या डिस्लेक्सियाला, ‘शब्दांधत्व’ म्हटले आणि दोष शब्दांच्या दृश्य स्मृतीत शोधला. शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणे जड जाते, हे १९७०च्या दशकापासून पुढे आले.

त्याच दशकात ब्रिटनमध्ये रॉजर मॉर्गन यांनी जोडीने वाचण्याची पद्धत मांडली आणि पुढे कीथ टॉपिंग यांनी ती रुजवली. ती केवळ डिस्लेक्सियासाठी नव्हती, म्हणूनच साऱ्या वर्गाला चालते. पुस्तक मुलाने निवडायचे. दोघांनी मुलाच्या वेगाने, एकत्र, मोठ्याने वाचायचे. एकट्याने वाचावेसे वाटले की मूल टिचकी मारते आणि मोठा माणूस गप्प होतो. अडले तर चार-पाच सेकंद थांबायचे, शब्द सांगायचा, मुलाने तो म्हणायचा आणि पुन्हा एकत्र सुरू करायचे. रोज ५ ते १५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. बिघडते ते शब्द सांगण्याऐवजी ‘पहिले अक्षर कोणते?’ अशी उलटतपासणी सुरू झाली की. गोष्टीचा धागा तुटतो. ओळीने एकेकाला वाचायला उभे करण्यातही तेच होते: आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे मोजत बसलेल्या मुलाच्या कानात गोष्ट शिरतच नाही.

महाराष्ट्रात १९९६पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी) आली. गोष्टीच्या तासाला या सवलती पुरत नाहीत.

मराठीची स्वतःची गाठ आहे. ‘किल्ला’ वाचताना वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘क’नंतर होतो. घ-ध, भ-म यांत फरक बारीक. अक्षरांतले अंतर वाढवल्याने डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन आणि फ्रेंच मुलांचे वाचन सुधारल्याचे २०१२च्या अभ्यासात दिसले. देवनागरीत तसे केले तर शिरोरेषा तुटू शकते. म्हणून शब्दांतले अंतर वाढवावे, ओळींतले दीडपट ठेवावे, टाइप १४ पॉइंटचा घ्यावा. उजवी कड मोकळी सोडावी. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांतली अंतरे कमीजास्त होतात आणि नजर ओळ सोडते.