प्रसवपूर्व सेवेच्या गुणवत्तेचे मोजमाप

गरोदर स्त्रीची नोंद कधी झाली आणि तिच्या किती तपासण्या झाल्या, यावरून सेवेची व्याप्ती कळते. त्या तपासण्या अचूक होत्या का आणि दोष आढळल्यावर पुढे काय केले, यावरून गुणवत्ता ठरते. भारतात किमान चार तपासण्या अपेक्षित आहेत. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून आठ भेटींची शिफारस करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील सुमारे 58 टक्के मातांच्या चार तपासण्या झाल्या होत्या. लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या किमान 180 दिवस घेतलेल्या माता मात्र 26 टक्केच होत्या. केवळ भेटी मोजणारा निर्देशांक त्यामुळे दिशाभूल करतो.

माता-मृत्यू एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर इतके विरळ असतात, की त्यांवरून केंद्राचे काम जोखता येत नाही. म्हणून भर प्रक्रियेवर द्यावा लागतो: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील अल्ब्युमिन व साखर, पोटाची तपासणी. ही प्रक्रिया जोखण्याचे मार्ग तीन: निरीक्षण, मातेची मुलाखत आणि नोंदवही. प्रत्यक्ष निरीक्षणात कर्मचारी एरवीपेक्षा अधिक काळजी घेतात, त्यामुळे रोजचे काम दिसत नाही. मातेला विचारावे, तर दंडाला पट्टा बांधल्याचे तिला आठवते, पण दिलेल्या लघवीत काय तपासले हे तिला सहसा कोणी सांगितलेलेच नसते.

नोंदवही तपासताना आकडे कसे विखुरले आहेत ते आधी पाहावे. पाऱ्याच्या रक्तदाबमापकावर खुणा 2 मिमीच्या अंतराने असतात, त्यामुळे शेवटी 0, 2, 4, 6, 8 हे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. पानभर 110/70 आणि 120/80 असेल, तर मोजणी अंदाजाने झाली किंवा झालीच नाही. साहली पद्धतीत (रक्त आम्लात मिसळून रंगावरून हिमोग्लोबिन मोजण्याची पद्धत) बोट जोराने दाबल्यास रक्तात ऊतिद्रव (पेशींभोवतीचा द्रव) मिसळतो. आम्लात 10 मिनिटे थांबले नाही तर रंग पुरता येत नाही. दोन्ही चुकांनी हिमोग्लोबिन कमी दिसते.

सर्वांत बोलका निकष पाठपुराव्याचा. हिमोग्लोबिन 7 ते 9.9 ग्रॅम असलेल्या मातेला रोज दोन गोळ्या देऊन महिन्याने पुन्हा तपासायचे आणि 1 ग्रॅमची वाढ नसेल तर वरच्या रुग्णालयात पाठवायचे. किती जणींची फेरतपासणी झाली, हे नोंदवहीतून काढता येते. ते क्वचितच काढले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

टक्केवारीचा छेदही, म्हणजे ज्या एकूण स्त्रियांवरून ती काढतात तो आकडा, चुकतो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली किंवा ऊसतोडीला गेलेली स्त्री एका उपकेंद्राच्या यादीत ‘अपूर्ण’ राहते आणि दुसऱ्याच्या यादीत येतच नाही. दोन्हीकडच्या नोंदी माता व बाल संरक्षण कार्डावरून जुळवल्याशिवाय टक्केवारी काढू नये.